डोंगऱ्या उठला कसा?

सोमवार, ४ मार्च

वाट लावली पुस्तकाची! अख्खी वाट लावली!

सकाळी पत्रकारांसाठीचा खेळ होता. थ्रीडी चष्म्याने नाकावर वळ उठलेत, कानात अजून ढोल वाजताहेत. माझ्या लहानपणीचं पुस्तक – आईने मांडीवर घेऊन वाचून दाखवलेलं, मग मीच इतक्यांदा वाचलेलं की शिवण सुटली. डोंगराएवढा डोंगऱ्या आणि त्याच्या खांद्यावर बसून हिंडणारी पोरगी. शेवटी कडा कोसळतो, डोंगऱ्या पाठ लावून तो अडवतो, गाव वाचतं – आणि तो तसाच दगड होऊन जातो. पोरगी हाका मारून मारून दमते. मग एकटी घरी जाते. संपलं. त्या एका पानासाठी ते पुस्तक इतकी वर्षं टिकलंय.

सिनेमात? डोंगऱ्या डोळे उघडतो! जांभई देतो! वर गाणं!

आणि पटकथा कोणाची? आमच्या धाकट्याची. माझ्या सख्ख्या भावाची. दोन रांगा पुढे बसला होता. दिवे लागले तसा मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. मी पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागले.

मंगळवार, ५ मार्च

संपादकांना स्पष्ट सांगितलं – भावाचा सिनेमा आहे, दुसऱ्या कोणाला तरी द्या. म्हणाले, खाली तशी ओळ टाकू. पण ते पुस्तक तुझ्याशिवाय इथे वाचलंय कोणी? खरं आहे. क्रीडा पानवाला विचारत होता, डोंगऱ्या म्हणजे ते सिनेमाच्या जाहिरातीतलं खेळणं ना?

सुरुवात जमत नाही. एकदा फार गोड झाली, भावाला सांभाळून घेतल्यासारखी. मग इतकी कडू, की त्याच्यावर कसला तरी सूड उगवल्यासारखी. दोन्ही खोडल्या. चहा गार. एसीचं पाणी टेबलावर ठिबकतंय, सांगून सांगून तोंड दुखलं.

मुलांना रडू द्यायला आपण एवढे का घाबरतो? मी रडले होते. आईच्या कुशीत तोंड खुपसून रडले होते. काही बिघडलं नाही माझं. उलट तेव्हापासून मी पुस्तकांवर विश्वास ठेवायला लागले. ती खरं बोलतात म्हणून. आणि हा धाकटा – त्याच घरात वाढलेला – तो असं करतो!

बुधवार, ६ मार्च

परीक्षण दिलं. दोन तारे. हातचं काही राखलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

छापून आलं. जागा नाही म्हणून मांडणीवाल्याने मधला परिच्छेद उडवला – नेमका तोच, ज्यात मी धाकट्याच्या संवादांचं कौतुक केलं होतं! उरलं काय? 'पटकथाकाराने पुस्तक नीट वाचलेलं दिसत नाही' आणि 'भित्रा शेवट'. भित्रा शेवट तर मथळ्यातच घातलाय, ठळक. मांडणीवाल्याशी भांडले. म्हणे, मॅडम, कौतुक कोण वाचतं?

धाकट्याला फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, बंद. संध्याकाळी भावजयीचा आला. आवाज कोरडा. सकाळपासून काही खाल्लं नाही त्यांनी, म्हणाली. माझं डोकंच फिरलं. त्याने त्याचं काम केलं, मी माझं केलं, यात उपाशी राहण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "ते चिडले नाहीयेत, ताई. एवढंच म्हणाले, ताईला वेगळं पुस्तक वाचून दाखवलं होतं."

वेगळं कसलं? घरात एकच प्रत होती! सरळ म्हणून बोलायचं नाही. लहानपणापासून हीच खोड.

शनिवार, ९ मार्च

थिएटरवरून येत होते. बापाच्या खांद्यावर एक चिमुरडी – उठला, उठला, म्हणून आनंदाने किंचाळत होती. दिवसभर तेच डोक्यात.

रविवार, १० मार्च

आईकडे गेले. तिच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यांत थेंब घालता घालता धाकट्याची तक्रार केली, वेगळ्या पुस्तकाचं काय ते सांगितलं. थांब, म्हणाली. उठून बसली.

धाकटा सहा वर्षांचा असताना तापाने दवाखान्यात होता. मला मावशीकडे ठेवलं होतं. आई त्याच्या उशाशी बसून तेच पुस्तक वाचायची.

"शेवटचं पान आलं त्या सकाळी समोरच्या कॉटवरची मुलगी गेली होती. चादर बदलत होते. हा विचारत होता, डोंगऱ्या उठेल ना गं? मी काय वाचणार होते?"

म्हणून तिने डोंगऱ्या उठवला. पुढे मोठा झाल्यावर त्याने खरं पान स्वतः वाचलं, आणि आईला येऊन म्हणाला, तुझाच शेवट बरोबर आहे.

परीक्षण तिने अजून वाचलेलं नाही. डोळे बरे झाले, नीट दिसायला लागलं, की पहिलं तुझंच वाचणार आहे, म्हणाली.