सही न केलेला कागद

अप्पर हट, न्यूझीलंड, ९ मार्च २०२५

चि. शकु हिला दादाचे पुष्कळ आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र पोचेपर्यंत पाडवा तोंडावर आलेला असेल. फोन करावा तर तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि इथल्या लाकडी भिंतींतून सगळं ऐकू जातं. टपालाला दोन-तीन आठवडे लागतात, लागू देत.

फाल्गुनात इथे पानं पिवळी पडू लागतात. आपल्या सातवीच्या पुस्तकात नदीची एक कविता होती, ती तुला पाठ येईना म्हणून गुरुजींनी बाकावर उभं केलं होतं, आठवतं? तीच गुणगुणत परवा दुपारी हट नदीच्या काठाने चाललो होतो. पाण्याशी कोण बसलेलं, तर आपला प्रसाद! ऑफिसचे कपडे, मांडीवर डबा. सकाळी सातच्या ट्रेनने वेलिंग्टनला गेलेला मुलगा बाराला इथे कसा? मी गुपचूप मागे फिरलो. संध्याकाळी घरी येऊन तो मला सांगतो, आज ट्रेनला फार गर्दी होती म्हणून.

आणखी ऐक. तांदळाच्या डब्यात बँकेची तीन पाकिटं सापडली, न फोडलेली. सूनबाई सलोनी मला बघून बोलता बोलता थांबते. आणि काल रात्री जेवणं झाल्यावर प्रसादने एक कागद पुढे केला. वरचा मजकूर घडी घालून झाकलेला, फक्त सहीची रेघ उघडी. बाबा, हप्त्याचंच आहे, सही तेवढी करा, म्हणाला. तुला ठाऊकच आहे, साताऱ्याचा फ्लॅट विकून मी या घरात पैसे घातले, आणि वास्तुशांतीच्या वेळी प्रसादने हौसेने कागदोपत्री पहिलं नाव माझं लावलं. घरही दोघांचं, कर्जही दोघांचं. डोळे चुरचुरतात म्हणून मी वेळ मारून नेली. पोटच्या पोरावर संशय घ्यायची वेळ यावी, याचं फार वाईट वाटतं गं.

पतसंस्थेत सत्तावीस वर्षं तू लोकांच्या सह्या तपासल्यास. सही करू की नको, एवढंच कळव. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा (मोरेश्वर)

---

सातारा, २६ मार्च २०२५

ती. दादास शकुचा सा. न.

पत्र काल मिळालं. आधी इतिहास दुरुस्त करते. ती कविता मला तोंडपाठ होती, बाकावर तू उभा होतास.

आता मुद्द्याचं. सही करू नकोस. घडी घातलेल्या कागदावर सही घेणारी माणसं मी जन्मभर पाहिली. वरचा मजकूर सरळ असता तर झाकला कशाला असता? मला तर वाटतं, तुझा अर्धा हिस्सा काढून घ्यायचा बेत आहे. सलोनीच्या भावाने, त्या वरुणने, टौरंगाला किवीची बाग घ्यायला काढली होती ना? पैसा तिकडे वळला नसेल कशावरून? सूनबाई बोलता बोलता थांबते ती उगीच नाही.

रागावू नकोस, भांडू नकोस, नुसती टोलवाटोलवी कर. डोळे, गुडघे, काय दुखायचं ते दुखू दे. माझं पुढचं पत्र आल्याशिवाय पेन हातात घ्यायचं नाही.

पाडव्याला मी एकटीपुरतंच श्रीखंड केलं तरी तुझ्या नावाची वाटी निघेल. प्रकृतीला जप, आणि माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी,
शकु

---

अप्पर हट, २७ एप्रिल २०२५

चि. शकुस आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र बारा तारखेला मिळालं. त्याआधीही मी तुझ्या उत्तराची वाट पाहत टाळतच होतो. प्रसादने चारदा विचारलं. नऊ एप्रिलला तर खुर्चीजवळ गुडघे टेकून बसला, फक्त एक सही, बाबा, म्हणाला. मी झोप आल्याचं सोंग केलं. दुसऱ्या दिवसापासून कागद दिसला नाही, आणि मला वाटलं, चला, सुटलो.

मग प्रसादचा मित्र चिराग येऊ लागला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर करतो तो. पायात जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, तोंडात सारखं स्वीट ॲज, म्हणजे झकास. भिंतीतून ऐकू आलं त्याचं म्हणणं असं, की प्रसादने दिवाळखोरी जाहीर करावी. मग थकलेले हप्ते पाच वर्षांत थोडे थोडे फेडता येतात आणि घर शाबूत राहतं. त्याने यूट्यूबवर पाहिलंय. दिवाळखोरी! आपल्या घरात तो शब्द शिवीसारखा वापरत. आणि त्याच शब्दाने घर वाचणार म्हणे. प्रसाद हो हो म्हणत होता, मला काही पटेना.

मंगळवारी लायब्ररीत एक बाई बसतात, अरोहा नावाच्या, कर्जात सापडलेल्यांना फुकट सल्ला देतात. किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलाचा मित्र पाहतो ते अमेरिकेतलं. इथे दिवाळखोर झालं तर क्रेडिट कार्डासारखी कर्जं सुटतील, पण घरावरचं बँकेचं कर्ज तसंच राहतं. हप्ते नाही भरले तर बँक घर विकू शकते, आणि शिवाय मुलाचा अर्धा हिस्सा सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात जातो. नोकरी गेलेल्या माणसाने बँकेकडे सवलतीचा अर्ज करायचा असतो, हप्ते काही महिने थांबवून मिळतात. फक्त हप्ते थकून दोन महिने व्हायच्या आत तो द्यावा लागतो, आणि कर्जावर ज्यांची नावं त्या सगळ्यांच्या सह्या लागतात.

असं म्हणून त्यांनी कोरा अर्ज माझ्यापुढे ठेवला. शकु, तोच कागद. तळाला तीच रेघ. वर एक चौकट, अडचणीचं कारण लिहा म्हणून. प्रसादने झाकली होती ती चौकट. त्याची नोकरी केव्हाच गेली होती. ते मला कळू नये म्हणून घडी होती, आणि डबा, आणि सातची ट्रेन.

घरी येऊन तांदळाच्या डब्यातली पाकिटं फोडली. पहिला हप्ता दहा फेब्रुवारीला चुकला. दहा एप्रिलला दोन महिने भरले.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडतो आणि हवापाण्याचं बोलतो. काय करू ते लिही.

दादा

---

सातारा, १५ मे २०२५

ती. दादास सा. न.

रात्रभर झोप नाही. सही करू नकोस हे मी लिहिलं, वरुणच्या बागेचं कुभांडही माझंच. एवढी वर्षं लबाडांचे कागद हाताळून मला सरळ कागद ओळखता येईनासा झाला. सलोनीची तर मी फारच मोठी गुन्हेगार आहे.

पण दादा, तू तिथे होतास. एका भिंतीपलीकडे पोरगा झोपला होता आणि तू सात समुद्रांपलीकडे विचारत बसलास! आत्ताही तेच करतोयस. या पत्राला उत्तर पाठवू नकोस. आधी उठ आणि प्रसादशी बोल. त्या दिवाळखोरीच्या कागदावर त्याने सही करण्याआधी बोल.

रागावलास तरी आपलं म्हण.

शकु

---

अप्पर हट, १५ जून २०२५

चि. शकुला अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी बोललो. दिवाळखोरीचा अर्ज भरून टेबलावर होता. मी सांगत गेलो, नदीकाठ, झोपेचं सोंग, लायब्ररी. प्रसाद रागावला नाही. त्याने एवढंच विचारलं, की बाबा, तुम्हाला मी चोर वाटलो? हो म्हणालो. खोटं बोलायची हिंमत उरली नव्हती. सलोनी म्हणाली, तिला वाटायचं आम्ही भाऊबहीण मिळून माझा हिस्सा परत मागायचा घाट घालतोय, म्हणून मला तुझ्या पत्राचं पाकीट चिकटवताना पाहून ती बोलणं आवरायची.

दुसऱ्या दिवशी तिघं अरोहाबाईंकडे गेलो. दिवाळखोरीचा अर्ज प्रसादने तिथेच फाडला. बँकेने सवलत नाकारली. मुदत गेली होती. पण आपण होऊन घर विकायला तीन महिने दिले आहेत. विकून कर्ज फिटेल, वर थोडं उरेल, आणि प्रसाद दिवाळखोर ठरणार नाही. लोअर हटला दोन खोल्यांचं भाड्याचं घर पाहिलंय. माझ्या एका सहीने हे घर राहिलं असतं, हे मला रोज सकाळी आठवतं, आणि आठवायलाच हवं.

कालपासून फाटकाशी विक्रीची पाटी लागली आहे. वाटेने जाणारे थांबून वाचतात.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी घरात मोठ्याने वाचून दाखवलं आहे. प्रसाद मध्येच उठून बाहेर गेला, थोड्या वेळाने आला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचा म्हणाला. सलोनीने दोन ओळी खोडायला लावल्या, त्या खोडल्या. ती सांगते, आत्यांना लिहा, त्यांच्यावर राग आहे, पण लोणच्याची कृती हवी आहे.

तेव्हा ती पाठव, आणि आम्हा चौघांना एकमेकांचा लोभ सांभाळता यावा, असा आशीर्वाद या वेळी तूच दे.

तुझा,
दादा