बालड्रेनीची पाचवी खिडकी

४ सप्टेंबर १७६८
आलो एकदाचे बालड्रेनीला! माझी बायको लिलियस गाडीतून उतरली तीच हसत. एवढं मोठं घर, आणि समोरून बघावं तर डावं अंग म्हणजे उजव्याची हुबेहूब नक्कल. दोन्ही कान सारखे असले की माणूस देखणा ठरतो का, असं तिने माझ्या कानात विचारलं. आमच्या नव्या मालकांच्या मते ठरतो. एडिंबराच्या वास्तुकाराने जुना बुरूज न पाडता त्याच्याभोवतीच हे घर उभं केलंय. पूर्वेला पाच खिडक्या, म्हणून पश्चिमेलाही पाच हव्यात. पण पाचवीच्या मागे नेमकी बुरुजाची भिंत आली. तिथे नुसतीच दगडी चौकट बसवली आहे. तिच्यातल्या दगडावर खऱ्यासारख्या काचा मी रंगवायच्या. दिवाणखान्याच्या छताचा गिलावा आणि नक्षीही माझ्याचकडे आहे, म्हणजे हिवाळाभराची चिंता मिटली.

त्या चौकटीमागची, बुरुजातली खोली आम्हाला दिली आहे. खिडकी नाही, पण ऊब छान आहे. कारभारीण मंकरबाईंनी ओटची गरम भाकरी आणि लोणी पाठवलं.

१९ सप्टेंबर
काचा रंगवून झाल्या. आत थोडा सरकवलेला पडदाही रंगवला. आज एक चिमणी येऊन आपटली, तेव्हा मालक भलतेच खूश झाले. लिलियस खालून ओरडली, "ही खिडकी पुसायला मी येणार नाही हं!"

११ ऑक्टोबर
लिलियसला ताप आहे. घसा सुजलाय, पाणी उतरत नाही. मंकरबाई म्हणतात, तिला खिडकीच्या खोलीत हलवा. कशाला, इथेच ऊब आहे, मी म्हटलं.

१४ ऑक्टोबर
लिलियस गेली. सकाळी, माझा हात धरून.

तिचा श्वास थांबला तशा मंकरबाई उठून भिंतीकडे धावल्या आणि तिथेच थबकल्या. आमच्याकडे माणूस गेलं की आधी खिडकी उघडतात, जीव बाहेर पडावा म्हणून. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि तरी मी तिला इथेच ठेवलं. मंकरबाईंनी दार उघडलं, पण ते आतल्या जिन्यावर उघडतं. त्या रडत म्हणाल्या, दाराबाहेरही घरच आहे, पोरगी जाणार कुठून?

२० ऑक्टोबर
कामावर जावं म्हणून बाहेर पडलो. वर बघितलं तर पाचव्या खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली. मी रंगवलेल्या काचेवर. शिडी लावून पुसायला गेलो, तर हाताला कोरडा दगड लागला. वाफ आतून आहे.

२४ ऑक्टोबर
वाफेत तळहात उमटलाय. करंगळी वाकडी, म्हणजे तिचाच. भर दुपारी भिंतीत खरडल्याचा आवाज येतो. मंकरबाई म्हणाल्या, "भिंत फोड बाबा. मालकांचं मी बघते. तिला कोंडून ठेवू नकोस." छिन्नी घेऊन उभा राहिलो, पण हात उचलेना. भिंत फोडली की ती जाईल. मग मी काय करू?

२९ ऑक्टोबर
काम बंद. भिंतीला कान लावून बसतो. ती बोलते! लापशी बुडाला लागली म्हणते, माझे मोजे कुठे म्हणते. फार बरं वाटतं. मध्येच विचारते, इथे इतका अंधार का. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. उद्या फोडीन.

१ नोव्हेंबर
उद्या.

२ नोव्हेंबर
आवाज बारीक झालाय — भिंत इतकी गार की कान चिकटतो. तिने विचारलं, पलीकडे कोण? म्हटलं, मी, गॅविन. ती म्हणाली, "नाही. गॅविन असता तर त्याने कधीच उघडलं असतं."

३ नोव्हेंबर
पहिला दगड निघाला — पलीकडून हात आला — तिचाच — पण नखं नाहीत — खरडून खरडून — देवा, हे मी केलं —

उरलेलेही काढले. उजेड — वारा — गालाला काहीतरी गार लागून गेलं — ती चौकटीत आहे — पाठमोरी —

जा, लिलियस. जा तू. थांबवत नाही मी. फक्त एकदा — मीच आहे गं, गॅविन — बघ, उघडलं मी — एकदाच इकडे —