राखलेला किनारा

ईफ्राइम, यूटा
१९ फेब्रुवारी २०२३

प्रिय लारू हिस,
स. न. वि. वि.

तुझे सांत्वनाचे पत्र नोव्हेंबरातच मिळाले होते. उत्तरास झालेल्या विलंबाबद्दल क्षमा असावी. मार्वाच्या आजारपणात तू आपल्या बहिणीसाठी कॅनबहून वारंवार धावून येत होतीस, त्याचे आभार मानायचे राहून गेले. ते आज मानतो. माझी प्रकृती ठीक आहे. चर्चमधल्या भगिनी अजूनही दर गुरुवारी चीज घातलेले भाजके बटाटे आणून देतात. पात्र आठ जणांचे असते. मी सोमवारपर्यंत तेच खातो.

पत्राचे प्रयोजन असे. पॉवेल तलावावरील आपल्या सामाईक हाऊसबोटीच्या दहाही भागीदार कुटुंबांच्या चिठ्ठ्या जानेवारीत निघाल्या. आपल्या वाट्याला १७ जूनपासूनचा आठवडा आला आहे. एकोणतीस वर्षांत इतका चांगला आठवडा आला नव्हता. तथापि जनीलचे म्हणणे, आई नाही तर यंदा पॉवेल तलाव नको. माझ्या मुलीने सॅन दिएगोत समुद्रकाठच्या खोल्याही पाहून ठेवल्या आहेत. आठवडा सोडायचा असल्यास १५ मार्चपूर्वी कळवावे लागते. एकदा सोडला, तर आपल्यापैकी कुणी तो पुन्हा मागेल असे मला वाटत नाही.

तिचा मुख्य आक्षेप किनाऱ्याबाबत आहे. पाणी उतरल्यापासून त्या कड्यांमध्ये बोट लावण्याजोगी वाळू फार थोडी उरली आहे. आदल्या दिवशी छोट्या मोटारबोटीने पुढे जाऊन जागा राखावी, आणि राखलेली जागा इतरांनी सोडून द्यावी, हा तिथला रिवाज. मात्र एक माणूस व एक खुर्ची यांना कुणी मान देत नाही. मार्वा वाळूवर बारा खुर्च्या मांडी, दोन तंबू लावी आणि दोरीवर लहानमोठ्या मापांचे कपडे वाळत घाली, अगदी बाळाच्या झबल्यापर्यंत. लांबून वाटे की वीस माणसे नुकतीच जेवून लवंडली आहेत. मी यास फसवणूक म्हणत असे. ती म्हणे, यात खोटं काय आहे, माणसं येणारच आहेत, मी नुसती त्यांची हजेरी आधी लावतेय.

जनीलला व जावयाला आदल्या दिवशी रजा नाही, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी एकट्याने हे करू नये असे ती म्हणते. चाळीस वर्षे मी लोकांच्या जमिनी मोजल्या. एका दिवसापुरता किनारा राखणे मला अशक्य नसावे. तुझे निःपक्ष मत कळवावे.

आजवर ठेवलास तितका लोभ यापुढेही ठेवावास, ही विनंती.

आपला,
ऑरिन ल. सोरेन्सन


कॅनब
२७ फेब्रुवारी

ऑरिनभाऊजींना लारूचा सा. न.

भाऊजी, पत्रात ‘प्रयोजन’ लिहिणारा माणूस अख्ख्या यूटात तुम्हीच उरलात. ताई सांगायची, ह्यांनी मला मागणी घातली तेव्हा मला वाटलं, आमच्या शेताची हद्द ठरवतायत.

निःपक्ष मत हवंय ना, मग घ्या. जा. पण एकटे नको, मी येते. हो, मीच, जी अंघोळीच्या टबातसुद्धा कड धरून बसते. तंबू मला लावता येत नाही. पण खुर्चीत बसून दहा जणींइतकी बडबड करीन, म्हणजे किनारा आपोआप भरल्यासारखा वाटेल.

जनीलला फोन केला होता. रडली पोर. म्हणाली, मावशी, आईशिवाय तो तलाव मला बघवणार नाही, आणि बाबा तिथे एकटे बसलेत हे तर मुळीच नाही. बाबा नुसता हट्ट करतायत म्हणाली. मी म्हटलं, अगं, हट्ट करायलासुद्धा थोडी मोकळीक लागते अंगात, ती तुझ्या बाबांकडे कुठून येणार?

आणि एक. गेल्या वर्षीच्या पाण्यावरून वाळू ठरवली असेल तर फसाल. वरच्या डोंगरांत म्हणे बर्फाने घरांची दारं उघडत नाहीयेत. ते सगळं वितळून तलावातच येणार. जूनमध्ये तुमची ती वाळू माशांच्या ताब्यात असेल.

रास्पबेरीच्या मुरंब्याच्या दोन बाटल्या पाठवतेय. बटाटे पुरे झाले.

राग गिळावा, लोभ राखावा.

लारू


ईफ्राइम
१२ मार्च

प्रिय लारू हिस,
स. न. वि. वि.

मुरंबा सुखरूप पोहोचला. हिमाबाबतची तुझी सूचना योग्य होती. मी गतवर्षीच्या पातळीवरूनच आखणी केली होती. अशी चूक माझ्या हातून घडावयास नको होती. नव्याने हिशेब करून आपल्या नेहमीच्याच घळीत, आजच्या पाण्याहून सुमारे साठ फूट वरची वाळू निश्चित केली आहे. जूनमध्ये पाणी दिवसाला फूटभर चढेल, तेव्हा तंबू मधूनमधून मागे सरकवावा लागेल.

जनीलशी बोलणे झाले. किनारा मी राखायचा. तो राखता आला नाही, तर तिथूनच परत फिरायचे व बोटीतील आपला भाग कायमचा सोडून द्यायचा, असे ठरले. अट तिचीच आहे. ती मला न्याय्य वाटली.

सोबतीच्या तुझ्या प्रस्तावाबद्दल मी ऋणी आहे. तो मला स्वीकारता येत नाही. छोट्या बोटीत माझ्या शेजारी एकच बैठक आहे. याहून अधिक कारण मला लिहिता येत नाही.

एक विनंती आहे. डिसेंबरात मार्वाचे कपडे तू नेलेस. मीच न्यायला सांगितले होते, आणि ते योग्यच झाले. त्यांतील निळा ठिपक्यांचा झगा, पांढरा सदरा व पोहण्याचा पोशाख, वापरात नसल्यास, दोरीवर टाकण्यासाठी परत पाठवावेस. कपडे निरनिराळ्या मापांचे असणे आवश्यक असते.

माझ्या नकाराने तुझा स्नेह कमी होऊ नये.

आपला,
ऑरिन ल. सोरेन्सन


कॅनब
२३ मे

ऑरिनभाऊजींना लारूचा सा. न.

निरनिराळी मापं म्हणे! दोरीवर कुणाचेही कपडे चालतात, भाऊजी. माझा एक झगा टांगलात तर त्याच्या सावलीत चौघं पत्ते खेळतील. पण तुम्हाला ताईचेच हवेत. बरं.

तिन्ही पाठवतेय. उशीर केला, कारण दोनदा खोक्यात भरले आणि दोनदा बाहेर काढले. धुतलेले नाहीत. तुमच्याकडून आणले तसेच कपाटात ठेवले होते. मला ते कुणाला देववले नाहीत, मग धुणं तर लांबच. तुम्हीही धुऊ नका.

बोटीत लाइफ जॅकेट घाला, एवढं तरी माझं ऐका. आणि तिथे बोलायला कुणी नसेल तेव्हा मला पत्र लिहा. कितीही मोठं लिहा, मी वाचते.

मी रुसलेय, पण माया तशीच आहे.

लारू


पॉवेल तलाव, आपली घळ
१६ जून, सायंकाळ

प्रिय लारू हिस,
स. न. वि. वि.

हे पत्र घरी परतल्यावरच टपालात पडेल; तरी तू सांगितल्याप्रमाणे लिहीत आहे. लाइफ जॅकेट घातले होते.

सकाळी नऊला पोहोचलो. वाळू हिशेबाप्रमाणे आहे. नेहमीच्या दोन तंबूंपैकी एकच मला एकट्याने उभारता आला. त्यानंतर बारा खुर्च्या मांडल्या. हे काम वाटते तितके सोपे नाही. माझ्या खुर्च्या एका रेषेत लागल्या आणि किनारा सभागृहासारखा दिसू लागला. मग काही जोडीने समोरासमोर वळवल्या, एक थोडी दूर पाण्यापाशी नेली. कोण कुणाशी बोलत बसेल, हे मार्वा दरवर्षी मनाशी ठरवीत असावी. मी तिला कधी विचारले नाही. दोरीवर कपडे टाकले. वारा होता. निळ्या झग्याकडे पाठ करून मी जेवलो. दुपारपर्यंत दोन बोटी घळीच्या तोंडाशी येऊन परत गेल्या.

तीनच्या सुमारास एक मोटारबोट थेट आत आली. त्यांची हाऊसबोट बाहेर थांबली होती व ते जागा शोधत होते. गृहस्थ सभ्य होता. बोटीत सहा-सात मुले होती. इंजिन बंद करून, टोपी काढून तो म्हणाला, काका, सकाळपासून फिरतोय हो, पोरं पार वैतागलीत, तुमची माणसं खरंच आहेत का इथे, खुर्च्यांवर तर कुणीच दिसत नाही. प्रश्न रास्त होता. उद्या मुलीचे कुटुंब येत आहे, हे खरे उत्तर माझ्याजवळ तयार होते, आणि ते पुरेसेही होते. मी म्हणालो, माझी पत्नी तंबूत झोपली आहे.

मी असे का म्हणालो, हे मला सांगता येत नाही. माझ्या कानांनी ते दुसऱ्या कुणी बोलल्यासारखे ऐकले. त्याने दोरीवरच्या झग्याकडे पाहिले, आणि एकदम आवाज उतरवून म्हणाला, अरेरे, माफ करा हं, उठवू नका त्यांना. मुलांकडे वळून त्याने ओठांवर बोट ठेवले. इंजिन त्याने पुन्हा सुरू केले नाही. कड्याच्या वळणापर्यंत त्यांनी बोट वल्ह्याने नेली. एकही मूल बोलले नाही. सर्वांत धाकटीने जाताना तंबूकडे पाहून हळूच हात हलवला.

किनारा आपल्याकडे राहिला आहे. उद्या दुपारी जनील येईल, तेव्हा तिला एवढेच सांगेन.

पाणी चढत असल्याने तंबू चार वाजता मागे घ्यावयास हवा होता. मी तो सहापर्यंत हलवला नाही. नंतर हलवला, तेव्हा खुंट्या हातांनीच दाबून बसवल्या. हातोडा जवळच होता.

लोभ असू दे.

ऑरिन