उसातलं जंगल

गंगाखेड
गुरुवार, १५ जानेवारी २०२६

चि. भागवत,

रविवार, ११ जानेवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. मंगल कार्यालयाच्या भिंतीवरच्या घड्याळात वेळ पाहिली, कारण पडद्याकडे बघवत नव्हतं. त्या मिनिटाला तुझ्या चित्रपटात माझ्या भावजयीने, गीताबाईने, मडम झालेल्या माझ्या बुटांवर डोकं टेकवलं आणि तीनशे माणसं शिट्ट्या मारून हसली.

'चि.' सवयीने लिहिलंय. मी बरी आहे, गुडघा दुखतो. आईला नमस्कार सांग, तिचा यात दोष नाही.

आधी तुझ्या कलेविषयी. तू ज्याची नक्कल केलीस तो जुना इंग्रजी जंगलपट मी कॉन्व्हेंटात असताना नन्सनी आम्हाला दाखवला होता. त्यात हत्ती होते, नदी होती, खरा बिबट्या होता. तुझ्याकडे काय होतं? गावातल्या सूर्यभानचा चार एकर ऊस आणि अंगावर ठिपके रंगवलेला कुत्रा. बिबट्याने मला बघून शेपटी हलवली, तरी मी चेहरा सरळ ठेवला. त्यात साखर कारखान्याची ऊसतोड आली आणि तुझं जंगल रोज एक एकर कमी व्हायला लागलं. शेवटच्या दिवशी 'अफाट अरण्य' म्हणून बारा सऱ्या उरल्या होत्या. मजूर कोयते घेऊन बांधावर बसले होते, आणि तू ओरडत होतास, "मॅडम, एकदाच घेता येईल, लवकर करा!"

तुझ्या पटकथेच्या वहीत त्या प्रसंगी इतकंच होतं की रानातली बाई मडमेला तांब्याभर पाणी देते आणि निघून जाते. मग पायावर पडणं कुठून आलं? फोनवर विचारलं तर म्हणतोस, "आता मी काय बोलू मॅडम? तुमीच तर सांगितलं."

तू कॅमेरा बंद करायला हवा होतास. दिग्दर्शक तू होतास. मला 'नको' म्हणायची धमक तुझ्यात सातवीत माझ्या वर्गात होतास तेव्हाही नव्हती.

असो. लिहायला बसलेच आहे तर लिहिते. मीच सांगितलं.

तुला रानटी टोळीसाठी माणसं हवी होती, ती आमच्या वस्तीतून मीच आणली. तव्याची काजळी तेलात कालवून त्यांच्या तोंडाला लावली तेव्हा मी टोपी घालून खुर्चीवर बसले होते. कॉन्व्हेंटच्या प्रत्येक नाटकात मला रानातली बाई व्हावं लागे. रंग काळा, वडील रेल्वेत गँगमन, दुसरं काय देणार? मडम व्हायची जोशींची नाही तर डिसूझांची. सदुसष्टाव्या वर्षी मला टोपी मिळाली, आणि ती डोक्यात गेली. त्या सिनेमात बाई मडमेच्या पायावर पडते, म्हणून मी म्हणाले, "गीताबाई, पाणी दे आणि पायावर पड."

ती तिथेच थांबली. तुझ्या कॅमेऱ्यात तेही असेल, बघ. म्हणाली, "अक्का, आमी न्हाई कुणाच्या पायावर पडत. तुमाला ठाव हाय."

मला ठाऊक होतं. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आल्यावर आमच्या आजोबांनी दारात उभं राहून सांगितलं होतं, आजपासून या घरातला जोहार, कुणापुढे वाकणं, संपला. आणि गीताबाई तर विहारात बायकांना वंदना शिकवते. तरी मी म्हणाले, "अगं, सगळं खोटंखोटं आहे. लोक खोळंबलेत." ती म्हणाली, "तुमी म्हंता म्हणून." आणि वाकली.

रविवारी ती इस्त्रीची पांढरी साडी नेसून, नातीला, अर्पिताला, घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. लोक हसले तेव्हा अर्पिताने विचारलं, "आजी, ही तू हायस?" गीताबाई उठली आणि नातीचा हात धरून माझ्या खुर्चीजवळून निघून गेली. मी मागे गेले नाही. पाच मिनिटांनी तू माझं नाव पुकारलंस. मी मंचावर गेले, शाल घेतली, नारळ घेतला, फोटोसाठी हसले. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी तिच्या घरी गेले. चहा दिला. म्हणाली, "बसा, मॅडम." चाळीस वर्षांत तिने मला अक्काशिवाय हाक मारली नव्हती.

येत्या पंचवीस तारखेला तू सोनपेठला खेळ लावतो आहेस. सोनपेठ तिचं माहेर आहे. तिथे तिचे म्हातारे भाऊ पहिल्या रांगेत बसतील.

तो प्रसंग काप. सोनपेठच्या खेळातून, तुझ्या मोबाइलमधून आणि जिथे जिथे पाठवला असशील तिथून. 'गोष्ट तुटते' असलं काही ऐकवू नकोस. तुझी गोष्ट उसासारखी मुळापासूनच तुटलेली आहे.

आणि तसं केल्याचं मला सहीनिशी लिहून दे. त्यात हेही लिही की गीताबाई 'नाही' म्हणाली होती आणि धम्मशीला मॅडमनी तिला भरीस घातलं. नाव पूर्ण लिही, माझा मान ठेवायला जाऊ नकोस. तो कागद मी तिच्या भावांना वाचून दाखवणार आहे.

शुक्रवार, २३ जानेवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तो माझ्या हातात हवा. फोन करू नकोस. लेखीच हवं, कारण माझ्या तोंडच्या शब्दावर आता तिचा विश्वास नाही.

धम्मशीला
गीताबाईची नणंद