पोकळ अक्षरांना लागली हळद

औरंगाबाद, पाडव्याला दहा दिवस बाकी

तीर्थस्वरूप तात्यासाहेब मामा,

भाचा बन्सीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मामीची कंबर आता कशी आहे? तुमची तब्येत विचारत नाय, कारण लासूर स्टेशनहून येणारा जो तो सांगतो की मामांचा आवाज अजून रेल्वे फाटकापर्यंत जातो. त्याच आवाजात तुम्ही म्हणालात म्हणे, की बन्सीनं नव्या दुकानाच्या पाटीवर ती पोटात काय नसलेली अक्षरं काढली, तर उद्घाटनाला मी पाय ठेवणार नाय. मामा, ब्रश धरायला तुम्ही शिकवलं. (तुम्ही स्वतः तो तीन वर्षांपूर्वी का ठेवून दिलात, ते मी विचारत नाय.) तुम्ही नाय आलात तर नारळ कुणाच्या हातून फोडू?

आता त्या बिचाऱ्या अक्षरांबद्दल. गोल, गरगरीत, कुठं कोपरा नाय, नुसती कड आणि आत मोकळं. मान्य आहे, सगळीकडं चालत नाहीत. कुल्फीच्या गाडीवर लई शोभतात. वकिलाच्या पाटीवर काढली तर अशील कुल्फीच मागंल. दोन-चार शब्दांपुरतीच बरी, पूर्ण पत्ता लिहिला तर चकल्यांचा डबा सांडल्यासारखं दिसतं. हे सगळं मला कळतं. पण देवगाव रंगारीला काय झालं ते ऐका.

पुंजाराम पाटलांच्या पोरीचं लग्न. घराच्या भिंतीवर ताजा चुना मारून नवरा-नवरीची नावं काढायचं काम मला. मी निळ्या रंगात हातभर उंचीची पोकळ नावं काढली आणि चहा प्यायला गेलो. पाटील आले, बघितलं, आणि ओरडले, अर्धं काम टाकून पेंटर पळाला! मी परत येईस्तोवर नवरीच्या आत्या वच्छलाबाईंनी निकाल लावून टाकला होता, की ही रांगोळीसारखी सुवासिनींनी भरायची रीत असंल शहराची. आत्याबाई सत्तरीच्या, हात कापतो, डोळ्याला चष्मा नाय. पण हळदीचं ताट घेतलं आणि बोटानं अक्षरं भरली. ओल्या चुन्यावर हळद, मग काय! बघता बघता सगळं कुंकवासारखं लालभडक. बायांनी शकुन म्हणून हात जोडले, पाटलांनी मला फेटा बांधला. (खाली कोपऱ्यात माझं नाव होतं, तेबी पोकळच, मग भरता भरता त्यालाबी हळद लागली. तेव्हापासून देवगाव विचारतंय, पेंटर, तुमची नवरी कोणती?)

बाकी क्षेम. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा,
बन्सी

ता. क. पाटी तयार आहे. अक्षरं पोकळच आहेत. चिडू नका, नाव तुमचं आहे: 'तात्यासाहेब पेंटर'.

आणखी एक. पत्र मामीकडून वाचून घेत असाल तर पुढचं स्वतः वाचा. हात कापतो म्हणून तुम्ही ब्रश ठेवलात, हे मामीनं मला सांगितलंय. तिच्यावर रागावू नका. मी कड बोटभर जाड काढलीय मामा. देवगावला तशाच कडेत आत्याबाईंचा एक थेंब बाहेर गेला नाय. आतलं मी भरणार नाय. पाडव्याला सकाळी या, लाल रंगाचा डबा उघडून ठेवतो.