पाण्यातला छोटा दोन

मंगळवार, १२ ऑगस्ट. डोंबिवली.

मुक्ताच्या क्लासच्या सरांचा चेहरासुद्धा बघायची इच्छा नाही.

काल मुलीला समीकरण जुळवायला मीच मदत केली. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, झालं पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. मी म्हटलं, पाण्याच्या सूत्रात O खाली छोटा दोन लिही. जुळलं.

आज सरांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"हे पाणी नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. पिऊन दाखव. कोणी शिकवलं गं?"

"आईने."

"काय करते आई?"

"कॉलेजात मराठी शिकवते."

"मग तिला यमकं जुळवू दे."

वर्ग हसला. हलकट माणूस.

पण तो छोटा दोन. काल मुक्ता म्हणाली होती, "आई, खालचा आकडा बदलायचा नसतो, पुढे लावायचा असतो." मी म्हटलं, "मोजून बघ, जुळतंय ना?" तिने गुपचूप लिहिलं. तिला येत होतं.

हे सरांना का नाही सांगितलंस, मी आत्ता विचारलं.

"तुला अजून हसले असते," ती म्हणाली, आणि वही घेऊन शेजारच्या काकूंकडे गेली. त्या बीएस्सी आहेत.