आयुधपूजेचा डाग

अण्णा, मागच्या आठवड्यात मला तुमची सायकल सापडली असं वाटलं. तसं अधूनमधून वाटतच असतं, पण या वेळी इतकी खात्री होती की आंघोळीचं पाणी तापून गार झालं तरी मी फोन सोडून उठले नाही. हल्ली जुन्या वस्तूंचे लिलाव फोनवरच चालतात. समोर माणूस नाही, हातोड्याचा ठोका नाही. फोटो बघायचा, बोली लावायची आणि मुदत संपेपर्यंत जीव टांगणीला लावून बसायचं. तुम्हाला हे फार आवडलं असतं. कुणी विलायतेतून नुसती घंटी विकायला काढतो, कुणी कोइमतूरहून गंजलेलं चेनकव्हर 'दुर्मिळ' म्हणून मांडतो, कुणाकडे एकच पेडल असतं. दुसरं कुठे गेलं, या विचारात माझी दुपार जाते. तुमची नात म्हणते, "आई, स्वयंपाकघरातले डबे तू इतक्या बारकाईने कधी बघत नाहीस." खरं आहे. डब्यांत काय आहे ते मला माहीत असतं.

आयुधपूजेची, म्हणजे आपल्या खंडेनवमीची, सकाळ आठवते. बेंगळूरला राजाजीनगरच्या घरासमोर तुम्ही सायकल पुसताय, रॉकेलचा बोळा आऱ्यांमधून फिरतोय आणि मी झेंडूची माळ धरून उभी आहे. आई दारातून म्हणते, "माणसांना कधी इतकं चोळून न्हाऊ घातलं नाहीत!" मग हँडलखालच्या पितळी बिल्ल्यावर तुम्ही अंगठ्याने गंध-कुंकू लावता, चाकाखाली लिंबू ठेवता, आणि सायकल पुढे ढकलल्यावर ते फुटलं की माझ्याकडे बघून हसता. वर्षानुवर्षं त्याच जागी अंगठा टेकून बिल्ल्यावर काळसर ठिपका पडला होता. एकदा मी चिंच घेऊन तो घासायला बसले. तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याचं मला तेवढंच आठवतं. "हात लावू नकोस! ती घाण नाही, पूजा आहे." मग माझा चेहरा बघून वरमलात आणि म्हणालात, "स्वल्प उंच हो गं. पुढच्या दसऱ्याला तुलाच चालवायला शिकवतो."

मी उंच झाले. तो दसरा तोंडावर आला, आणि एका संध्याकाळी तुम्ही बसने घरी आलात. आईने विचारलं, "सायकल?" तुम्ही म्हणालात, "दिली." कुणाला, कशासाठी, काही नाही. मी रुसून जेवले नाही, तर तुम्ही नुसतं "सरी, सरी, बरं, बघू" म्हणत माझ्या ताटात लाडू वाढलात. त्या वर्षी पूजेला फक्त तुमची हत्यारं होती, पाने आणि पक्कड. आणि दिवाळीच्या आधीच, छातीत कळ आली म्हणून कारखान्यात खाली बसलात ते उठलाच नाहीत. अशा घरात सायकलीचं कोण विचारणार? पण माझ्या मनात तो प्रश्न सुकला नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोरीच्या जातीला सायकल कशाला, हातपाय मोडून घेईल. तुम्हालाही तसंच वाटलं का? मला शिकवावं लागू नये म्हणून ती देऊन टाकलीत का? इतकी वर्षं मी शोधतेय ते एवढ्यासाठी. सायकल मिळाली की ती कुणाकडून कुणाकडे गेली हेही कळेल, अशी माझी भाबडी समजूत.

तर मागच्या आठवड्यातल्या त्या फोटोत बिल्ल्यावर ठिपका होता. विकणारा जयनगरचा निघाला, मूळचा निपाणीकडचा. माझं मराठी ऐकून खूश झाला. "या की अक्का, चहा घ्या, मग बघा." त्याच्या गच्चीवर पत्र्याखाली जुन्या सायकली ओळीने उभ्या. चहा बाजूला ठेवून मी सरळ त्या सायकलीपाशी गेले, बिल्ल्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही माझ्या वडिलांची. हा त्यांच्या अंगठ्याचा डाग." त्याने शेजारच्या सायकलीवरचं फडकं काढलं. तिच्याही बिल्ल्यावर डाग. पलीकडच्या सायकलीवरही. "पूजा सगळ्यांच्याच घरी होतीय की, अक्का. भायरदेशचे लोक विचारत्यात, हा गंज कसला? काय सांगायचं त्यांना?" मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. सगळ्या बेंगळूरचे बाप त्याच सकाळी तिथेच अंगठा टेकत होते, आणि मी समजत होते की ते फक्त आमच्या घरचं आहे.

मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तवा तुम्ही घालत काय होता?" परकर, म्हटलं, दुसरं काय? त्याने समोरच्या आडव्या दांडीवर थाप मारली. "मग हिच्यावरनं पाय कसा टाकला असता? पोरीला शिकवायची म्हटलं की लोक असली सायकल दुकानात द्यायचे, बदल्यात लेडीज घ्यायला. लेडीज कमी यायच्या. जुनी आधी ठेवून घ्यायचे, नवी आली की निरोप धाडायचे. माझ्या आत्तीची तशीच आली बघा."

अण्णा, तुमच्या मागे आम्ही ते घर सोडून मामांकडे गेलो. निरोप आला असेल तर तो कुणी घेतला? तसंच झालं होतं असं मी म्हणत नाही. विकणारा माणूस, गिऱ्हाइकाला बरं वाटेल ते बोलणारच. पण आजवर त्या 'दिली'चं माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते मला छळत होतं. आता दुसरं मिळालंय. ते खरं असावं असं मला फार वाटतं.

त्या सायकलीवर मी बोली लावली नाही. ती ज्यांची, त्यांची मुलगी तिला शोधत येईल कदाचित. घरी येऊन मी शोधायचा शब्द बदलला आणि आता रोज लेडीज सायकली बघते. काल एक सापडली, हिरवी, पुढे वेताची बुट्टी, दुकानाचं नाव पुसट झालेलं, 'न वापरलेली' म्हणून मांडलेली. ती कुणासाठी आणली होती, वापरली का गेली नाही, हे विकणाऱ्याला विचारायला निरोपाची चौकट उघडली आणि त्या चौकटीत हे सगळं तुम्हाला लिहीत बसले. पाठवणार नाही, बिचारा घाबरेल. माझी बोली मात्र सकाळीच लागली आणि सायकल शनिवारी घरी येतेय. त्याने फोनवर विचारलं होतं, "शोभेला हवी का चालवायला, मॅडम?" मी ऐटीत म्हटलं, चालवायला. मला अजून सायकल येत नाही, हे काही त्याला सांगितलं नाही.